खारुताईचं झाड कुणाच्या नावावर?

खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुटनं बसला आन् कुटं उतरनार?"

माझा नवरा सरळ माणूस. तो म्हणाला, "कामशेतला बसलो, इथं नाक्यावर उतरलो."

"त्ये न्हाई वो. हितं किती दिस ऱ्हानार आन् मंग कुटं जानार? शेवटचा स्टॉप म्हाईत असल्याबिगर मी कुनाला आत घेत न्हाई."

तळेगावला कंपनीजवळ स्वतःचं घर झालं की जाऊ, असं त्यानं सांगितलं. बाईंनी मान हलवली. "मंग दारात उभं ऱ्हाऊ नका. पुढं सरका." आम्ही पुढं सरकलो आणि लोणावळ्यातल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत चांगली काही वर्षं राहिलो. आता तळेगावच्या घरात बसून हे लिहितेय. इथं लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, फक्त आमचं भांडण झालं की थांबवायला कुणी नाही.

घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या मावशी, एसटीत कंडक्टर होत्या. नवरा ड्रायव्हर. तो नोकरीत असतानाच आजारानं गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. पॅसेंजर कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून या झाल्या मास्तरीण. निवृत्त झाल्या तरी आळीत तेच नाव राहिलं. एका नव्या बिऱ्हाडकरू बाईला वाटलं, या शाळेतल्या बाई. तिनं आपला मुलगा गणिताच्या शिकवणीला आणून बसवला. मावशींनी नाही म्हटलं नाही. महिनाभर त्याला फुल तिकीट, हाफ तिकीट आणि सामानाचं लगेज यांचा हिशोब शिकवला. पोरगं परीक्षेत नापास झालं, पण गावच्या जत्रेला जाताना बापाची बेरीज चुकली ती त्यानंच दाखवली म्हणे. मावशींना याचा फार अभिमान होता.

त्यांच्या खाटेजवळ एक पितळी पेला असायचा आणि त्यात स्टीलचा एक चमचा. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके, म्हणजे त्यांच्या भाषेत डबल बेल, म्हणजे निघा. घरातला सगळा कारभार यावर चालायचा. टाकी भरली की एक ठोका, मी वरून मोटर बंद करायची. दूधवाल्याला एक, दूध घेऊन झालं की दोन. आमचं नवराबायकोचं भांडण रंगात आलं की खालून एक ठोका यायचा. आम्ही जागच्या जागी गप्प. जरा वेळ जायचा, मग दोन ठोके यायचे. म्हणजे आता चालू द्या. पण एकदा थांबलेलं भांडण परत चालू करणं फार अवघड असतं, करून बघा.

तो चमचा दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, असा नियम होता. मी एकदा नकळत चहात घातला, तर मावशींनी माझ्या हातातून काढून घेतला. "ठेव खाली. त्यो चमचा न्हाई, बेल हाय." मग तो धुऊन, पुसून पुन्हा पेल्यात.

त्यांचा एक किस्सा आळीत सगळ्यांना पाठ होता, आणि सगळ्यांना पाठ आहे म्हणून त्या सांगायच्या थांबत नसत. ड्युटी असायची पवनानगरच्या गाडीवर. बाप्याबरोबर बाई चढली की बाप्या म्हणणार, "दोन, पवनानगर." बाकीचे कंडक्टर दोन तिकिटं फाडून मोकळे होतात. मावशी एक फाडायच्या आणि बाईकडं वळायच्या. "तुमाला कुटं जायाचंय?" बाप्ये चिडायचे. बाया लाजायच्या आणि म्हणायच्या, "हे सांगतील तिथं." मावशी तरी विचारायच्याच. त्यांचं म्हणणं, ज्याचं तिकीट त्यालाच विचारायचं असतं.

एक दिवस एक बाई म्हणाली, "मला कार्ल्याला उतरवा."

नवरा म्हणाला, "काय बोलतीस? पवनानगर म्हणलं ना मी!"

ती म्हणाली, "माजी आई हाय कार्ल्याला. लय दिस झालं, बघितली न्हाई."

मावशींनी कार्ल्याचं तिकीट फाडलं आणि फाट्यावर एक बेल मारली. बाई उतरली, पदर सावरला आणि भाताच्या शेतांमधल्या वाटेनं चालायला लागली. नवऱ्याच्या हातात पवनानगरचं तिकीट आणि मांडीवर दोघांची पिशवी. पुढच्या स्टॉपला तोही उतरला आणि उलटा पळत सुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं डेपोत तक्रार केली. साहेबांनी मावशींना बोलावून विचारलं, तुम्ही पॅसेंजरची बायको का उतरवली? मावशी म्हणाल्या, "सायेब, मी बायको न्हाई उतरवली. पॅसेंजर उतरवला."

हे सगळं खरं किती आणि मीठमसाला किती, देव जाणे. एक मात्र खरं. त्या मला कधीही न विचारता काही द्यायच्या नाहीत, अगदी भाजीसुद्धा. "देऊ का?" म्हणून विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत वाटी हातात धरून उभ्या राहायच्या.

आता खोक्याचं सांगते. माझं माहेर पवनेच्या काठचं. आई लवकर गेली, मग आबा गेले. माहेर म्हणजे दादा, वहिनी, आबांनी राखलेली जमीन आणि तिच्या बांधावर त्यांनी लावलेला आंबा. दादा माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. आई गेल्यावर माझ्या वेण्या त्यानं घातल्यात, तिरक्या, पण घातल्यात. तर दादानं जुनं घर पाडायला काढलं. तिकडं आता भाताच्या खाचरांत तंबू उगवतात. शनिवार आला की पुण्या-मुंबईची माणसं येऊन तंबूत झोपतात, सकाळी उठून धरण बघतात आणि डास चावले म्हणून भांडतात. दादालाही तंबू टाकायचे होते. एका रविवारी तो गावची जीप घेऊन आला आणि एक मोठं खोकं माझ्या दारात ठेवलं. "तुजा पसारा. घर पाडतोय, म्हणलं तुला देऊन टाकू."

चहा त्यानं उभ्याउभ्याच घेतला. कप खाली ठेवताना म्हणाला, "आन् हां, एकदा वडगावला जाऊन येऊ. सहीला."

कसली सही ते आमच्याकडं लेकीबाळींना सांगावं लागत नाही. हक्कसोड. वडलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. सगळ्या बहिणी देतात. त्या दिवशी साडी मिळते, हॉटेलात जेवण मिळतं आणि पुढं दिवाळीला बोलावणं येत राहतं. जी देत नाही तिचं बोलावणं बंद होतं. मी म्हणाले, "बरं." तो गेला आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही. मला जमिनीचं काय करायचं होतं? काहीच नाही. पण तिथून आपलं नाव पुसायचं म्हटल्यावर सही नको वाटायची. आणि दादा तुटेल म्हटलं की आत्ताच करून टाकावीशी वाटायची. मला दोन्ही हवं होतं, नावही आणि भाऊही. असं दोन्ही मिळालेली एकही बाई माझ्या ओळखीत नव्हती.

खोक्यात काय निघालं? माझा कंपास, दोन फुटक्या बांगड्या आणि आमचा जुना सीडी प्लेअर. बरोबर कार्टूनच्या पिक्चरच्या सीड्या, परदेशातले, हिंदीत बोलणारे. आबा कामशेतच्या बाजारात तांदूळ घालायला गेले की एखादी आणायचे. लोणावळ्याच्या दमट हवेत दोनच दिवसांत त्यांच्यावर बुरशी चढायला लागली. मी पुसत बसले होते, तेवढ्यात मावशी वर आल्या.

"काय गं हे?"

"लहान मुलांचे पिक्चर, मावशी. चित्रांचे."

"मी न्हाई बघितलं कदी. ल्हानपनी टीव्ही नव्हता आन् टीव्ही आला तवा मी गाडीत." जरा थांबून म्हणाल्या, "बगू का तुज्याबरोबर?"

नवऱ्याची दुसरी पाळी असली की दुपारी मी आणि मावशी खाली त्यांच्या टीव्हीसमोर. दोन थोराड बायका, पुढ्यात भाजलेले शेंगदाणे आणि पडद्यावर राजकन्या. आमचा नियम सोपा होता. रिमोट माझ्याकडं, बेल त्यांच्याकडं.

पहिला पिक्चर ढगांतल्या राजकन्येचा. लहानपणी मी तिच्यावर जीव टाकायचे. आता दहा मिनिटं झाली नाहीत तोच ठण्ण! एक ठोका. मी पिक्चर थांबवला.

"ह्या ढगात ऱ्हात्यात, तर पानी कुटनं येतं?"

"मावशी, ढगच आहे तो."

"म्हनून काय झालं? आपल्या लोनावळ्यात बी ढगच हायती. नळाला येतं का?"

त्या दिवशी आमची टाकी कोरडी होती, त्यामुळं मला बोलायला तोंड नव्हतं. पुढं राजपुत्र पतंगाला लोंबकळत वर येतो, राजकन्येला बघतो आणि लगेच वरात. ठण्ण!

"ह्यानं तिचं नाव इचारलं का?"

"विचारलं असेल की."

"मागं घे."

मागं घेतलं. नव्हतं विचारलं. आख्ख्या पिक्चरभर तो तिला 'सुंदरी' म्हणत होता. हा पिक्चर मी लहानपणी इतक्या वेळा बघितला होता की दादा वैतागून टीव्हीची वायर काढून ठेवायचा, आणि मला हे कधी दिसलंच नव्हतं. मावशी शेंगदाणा तोंडात टाकून म्हणाल्या, "नाव म्हाईत न्हाई आन् निघाला मांडवात. मेला."

चेटकिणींच्या बाबतीत तर त्या कायम चेटकिणीच्या बाजूनं. "एकली बाई, जंगलात सोताचं घर, सोताची भाजी लावती, कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. ह्ये पोरगं तिला न इचारता घरात घुसलं. आन् वाईट कोन, तर म्हातारी!" यात त्यांचं स्वतःचं दुखणं होतं. शनिवार-रविवारी मुंबईची पोरं त्यांच्या अंगणात शिरून जास्वंदीबरोबर फोटो काढायची. चेटकिणीकडं मंत्र तरी होता, मावशींकडं नुसता चमचा.

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं नाही हं. हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू आगगाडीत बसून मालकाकडं जातं, त्या पिक्चरला त्यांनी पदर ओला होईस्तोवर रडून घेतलं आणि शेवटी नाक पुसत म्हणाल्या, "तरी बी दंड झाला पायजे. तिकीट काढलं न्हाई त्यानं." मी म्हटलं, अहो, कुत्रा आहे तो! तर म्हणाल्या, "मंग लगेज लावा." आणि जो कुणी गाणं म्हणायचा, त्याच्यावर त्यांचा संशय. गाडीत गाणी म्हणणारेच तिकीट चुकवतात, हा त्यांचा अनुभव.

मला राग यायचा. खरंच सांगते, चांगलाच यायचा. माझं बालपण म्हणजे ते पाच-सहा पिक्चर आणि दादा, आणि ही बाई त्यावर ठण्ण ठण्ण करत बसलेली. एकदा मी रिमोट आपटून वर निघून आले. खालून दोन ठोके आले. मी गेले नाही. मग जिन्यात पावलं वाजली. दारात मावशी. "आत येऊ का?"

खारुताईचा पिक्चर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो आमच्या दोघांचा होता, माझा आणि दादाचा. अक्रोडाचं एक मोठं झाड. त्यात म्हातारा खारोबा, त्याचा लाल टोपीवाला मुलगा आणि जांभळ्या शेपटीची मुलगी, तीच खारुताई. ती पावसाळ्यात ढोलीतलं पाणी उपसते, अक्रोड गोळा करते, घुबडाला पिटाळून लावते. लाल टोपी नुसती शिट्टी वाजवत हिंडते. ठण्ण!

"ह्यो काय काम करतो?"

"तो भाऊ आहे, मावशी."

"बरं. चालू दे."

मग म्हातारा खारोबा मरायला टेकतो. दोन्ही पोरांना जवळ बोलावतो, त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "बच्चो, ये पेड़..." आणि आमची सीडी इथंच अडकायची. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि खारोबा म्हणत राहायचा, पेड़-पेड़-पेड़-पेड़. लहानपणापासून असंच. आम्ही पुढं ढकलायचो. पुढच्या सीनमध्ये खारुताई एका उडत्या खारीच्या पाठीवर बसून चाललेली असायची, डोळ्यांत पाणी, हात हलवत. खाली झाडावर लाल टोपी, आणि सगळं जंगल नाचतंय. संपला पिक्चर.

मधलं काय, ते आम्हीच भरून काढलं होतं. सीडी अडकली की दादा उठायचा, आबांची टोपी डोक्यावर घालायचा आणि टीव्हीच्या पुढ्यात उभा राहून मला विचारायचा, "खारुताई, ऱ्हातीस का जातीस?" मी म्हणायचे, "जाते. पण सणाला बोलव." मग उशीवर बसून मी घरभर उडायचे. आमची पक्की खात्री होती की अडकलेल्या भागात हेच असणार. भावानं विचारलं असणार आणि तिनं सांगितलं असणार. त्याशिवाय ती अशी कशी जाईल?

मावशींसमोरही सीडी तिथंच अडकली. पेड़-पेड़-पेड़. मी सवयीनं बटण दाबायला गेले. ठण्ण!

"पुढं कुटं चाललीस?"

"इथं अडकते ती. कायमच."

"मधला स्टॉप गाळायचा न्हाई. माजी आख्खी नोकरी झाली, मी कदी स्टॉप गाळला न्हाई. हितंच तर इचारत्यात झाड कुनाच्या नावावर ते."

सीडी त्यांनी बाहेर काढायला लावली. दात घासायची पेस्ट बोटावर घेऊन, मऊ फडक्यानं, देवाच्या ताम्हणासारखी घासली. धुतली, पुसली, पंख्याखाली धरली. मला हसू येत होतं. पण लावली आणि चालली की! खारोबानं पोरांच्या डोक्यावर हात ठेवला.

"बच्चो, ये पेड़... कितना सुंदर है!"

आणि गाणं सुरू. ठिपक्याठिपक्यांच्या अळंब्या जमिनीतून टुणटुण वर आल्या आणि नाचायला लागल्या. निळ्या, पिवळ्या, गुलाबी. कंबर नसलेल्या अळंब्या कंबर हलवत होत्या. बराच वेळ. गाणं संपलं आणि खारुताई उडत्या खारीच्या पाठीवर. हात हलवत. डोळ्यांत पाणी.

मी मागं घेऊन पुन्हा बघितलं. कुणीच विचारलं नव्हतं. बापानं नाही, भावानं नाही. बनवणाऱ्यांना वेळ नव्हता म्हणावं, तर अळंब्यांना नाचवायला वेळ होता.

मावशी पहिल्यांदाच ठोका न देता बोलल्या. "आन् ह्यो उडनारा कुटनं चढला? मागल्या दारानं?" मी हसले नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "काय गं पोरी?"

मग मी रडले. वडगावच्या सहीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सही कर म्हणाल्या नाहीत, करू नको म्हणाल्या नाहीत. मी चिडून विचारलं, "तुम्ही केली होती का?"

"केली की. साडी मिळाली. इटकरी रंगाची. धुतली आन् आटली."

"आणि भाऊ?"

"भाऊ बी आटलं," मावशी म्हणाल्या आणि शेंगदाण्याची टरफलं फुंकायला लागल्या.

वडगावला मी गेले. दादा तालुक्याच्या कचेरीबाहेर वाट बघत होता, कागद तयार होते आणि त्याच्या हातात साडीची पिशवी होती. शर्ट इस्त्रीचा, केसाला तेल. त्याला असा नटलेला बघून मला इतकी माया आली की वाटलं, करून टाकावी सही आणि सुटावं. आमची पाळी यायला वेळ होता. मी म्हटलं, "दादा, आज नको."

"का? काय झालं? साडी बगायची का आदी?"

"साडी नको. मला कुणी विचारलंच नाही, दादा."

"काय इचारायचं त्यात? समद्या भनी करत्यात. काय कमी केलं मी तुला, सांग?"

काहीच कमी केलं नव्हतं, तेच तर वाईट होतं. खारुताईचं आणि अळंब्यांचं त्याला कचेरीच्या दारात कसं सांगणार? त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. साडीची पिशवी माझ्या हातात कोंबली. "ही तरी ने. वैनीनं निवडलीय." गाडीला किक मारली आणि गेला. मी एसटीनं परत आले, मांडीवर फुकटची साडी घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" तर मला लोणावळा हा शब्द आठवेना.

मावशींनी पिशवीत डोकावून रंग बघितला. "बरी हाय. धुऊ नकोस."

त्यानंतर दादाचा फोन नाही. मी केला तर वहिनी उचलायची, जेवलात का विचारायची आणि दूध उतू चाललंय म्हणून ठेवायची. त्या घरात इतकं दूध कधीच नव्हतं. गणपतीला बोलावणं नाही, दसऱ्याला नाही. वाटायचं, झालं, तुटलं. नवरा म्हणायचा, "कर की सही, कशाला जिवाला लावून घेतेस?" आणि खालून एक ठोका यायचा.

भाऊबीजेला मी तरीही ताट केलं. येणार कुणी नव्हतं, पण सुपारी मांडली, निरांजन तयार ठेवलं. वरून बघितलं तर फाटकाशी दादाची गाडी. मी जिन्याकडं धावले, पण मावशी माझ्या आधी दारात होत्या.

"कुटनं आला? कुटं उतरनार?"

"पवनानगरहून," दादा म्हणाला. मी दिसले तशी त्यानं मान खाली घातली. "त्या खोक्यात माजा चेंडू ऱ्हायला होता. त्यो न्यायला आलोय."

चाळिशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, भाऊबीजेच्या दिवशी, इतक्या लांबून, रबरी चेंडू न्यायला! मावशींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "चेंडू हुडकायला येळ लागंल. तवर बस. पिक्चर बगनार का?"

नको म्हणेल असं वाटलं होतं. पण पडद्यावर लाल टोपी दिसली आणि दादा खुर्चीच्या कडेवर पुढं सरकला. जरा वेळानं बघते तर त्याचे ओठ हलत होते. त्याला अजून सगळं पाठ होतं. घुबड आलं तेव्हा मी भिते म्हणून त्यानं लहानपणीसारखा आडवा हात केला, आणि मग लाजून मागं घेतला. आम्ही एकमेकांशी अजून एक शब्द बोललो नव्हतो.

म्हाताऱ्या खारोबानं पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. "बच्चो, ये पेड़..."

दादा उठला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाही कळलं नसावं. इतक्या वर्षांची सवय ती, पेड़ म्हटलं की उठायचं. तो टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, डोक्यावर टोपी घालायला हातसुद्धा वर नेला. पण सीडी अडकलीच नाही.

"...कितना सुंदर है!" आणि अळंब्या नाचायला लागल्या.

दादा वळून बघत राहिला. निळी अळंबी, पिवळी अळंबी. "आं? ह्ये काय?" त्यानं गाणं संपत येईपर्यंत बघितलं. "आयला, इचारतच न्हाईत व्हय तिला?"

ठण्ण!

एकच ठोका. मी पिक्चर थांबवला. अळंब्या वाकड्या कंबरेनं जागच्या जागी उभ्या राहिल्या. दादा तसाच टीव्हीपुढं, अर्धा वर नेलेला हात अजून खाली यायचा होता. बाहेर कुणीतरी फटाका लावला. दादानं माझ्याकडं बघितलं, वडगावला जायचं निघाल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

"खारुताई," तो म्हणाला, "ऱ्हातीस का जातीस?"

"ऱ्हाते."

"तू जाते म्हनायचीस."

"पुढच्या सीनमध्ये ती जातच होती. मी दुसरं काय म्हणणार होते?"

त्यानं हात खाली घेतला. खुर्चीत येऊन बसला, दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मंग तंबू कुटं टाकायचं आपुन?"

"आबांचा आंबा सोडून कुठंही टाक," मी म्हटलं.

मी मावशींकडं बघितलं. आता डबल बेल येईल, मी पुढचा सीन लावेन, खारुताई उडत्या खारीवर बसून निघून जाईल. चमचा त्यांच्या हातात होता. पण त्या पेला खाटेखाली सरकवून आत गेल्या, आतून चहाचा कप घेऊन आल्या आणि तोच चमचा साखरेच्या डब्यात घातला.

"साखर किती घालू रं?" त्यांनी दादाला विचारलं आणि भरलेला चमचा कपावर धरून उभ्या राहिल्या.